मोटारसायकलचा कार्बोरेटर, मोटारीचे इंजिन

जुन्या मोटारीच्या इंजिनावर मोटारसायकलचा कार्बोरेटर बसवला की लोक त्याला सर्रास जुगाड म्हणतात. इतिहास पाहिला तर हे पटत नाही. १९१० मध्ये एसयू ही कार्बोरेटरची कंपनी काढणारे स्किनर बंधू बुटांच्या धंद्यातल्या घरचे. त्यांच्या सुरुवातीच्या कार्बोरेटरमध्ये हवेच्या ओढीने हलणारा भाता चक्क चामड्याचा होता. पुढे त्याजागी धातूचा दट्ट्या आला आणि मॉरिस मायनरसारख्या गाड्या त्यावर वर्षानुवर्षे धावल्या. १९६५ च्या होंडा सीबी ४५० या मोटारसायकलवर हेच तत्त्व दिसते. म्हणजे मोटारीकडून गेलेली विद्याच मोटारीकडे परत येते.

यावर आक्षेप असा, की मोटारसायकलची टाकी इंजिनाच्या वर असते आणि पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरते. कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीत मात्र पंप ते दाबाने ढकलतो. तो दाब मोटारसायकलच्या कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या नाजूक सुईला पेलत नाही, पेट्रोल ओसंडते. आक्षेप रास्त आहे, पण दाब उतरवणारा रेग्युलेटर लावला की तो मिटतो. त्याहून अवघड काम पेट्रोलचे माप ठरवणारे जेट निवडण्याचे, आणि चार सिलिंडरांना एकेक कार्बोरेटर दिला तर चारही कार्बोरेटरच्या झडपा एकाच वेळी, सारख्याच उघडतील असे जुळवण्याचे. हे ज्याला साधते तो जुगाडू नव्हे, कसबी कारागीर.