पोटात उतरलेला डोळ्याचा कर्करोग

* ‘डोळ्याचा कर्करोग पोटात’ : वाचकाला हे अतिरंजित वाटेल, पण वैद्यकात अशा नोंदी आहेत. मेलानोमा म्हणजे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग. डोळ्यात तो बहुधा दृष्टिपटलामागच्या रंजितपटलात उगवतो. तिथे लसिकावाहिन्या नाहीत. पेशी निसटतात त्या रक्तावाटे, आणि रोग दूर पसरलाच तर दहांतल्या सुमारे नऊ रुग्णांत यकृत गाठतात. जठर-आतड्यांत तो क्वचितच उतरतो. तिथे सापडणारा मेलानोमा बहुतेकदा त्वचेवरून आलेला असतो.

खरी मेख उशिराची. डोळा काढला किंवा किरणोपचार झाले, तरी निसटलेल्या पेशी वर्षानुवर्षे निपचित राहू शकतात. मज्जाविकारतज्ज्ञ आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांच्या डोळ्यातली गाठ २००५मध्ये सापडली. ती यकृतात पसरल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०१५मध्ये जाहीर केले आणि त्याच वर्षी ३० ऑगस्टला ते गेले.

आतड्यातल्या गाठीची लक्षणे फसवी असतात : रक्तक्षय, शौचाला काळे होणे, कधी आतड्यात आतडे शिरून अडथळा. आपल्या बालाघाट जिल्ह्यात सिकलसेल आणि कुपोषण असल्याने रक्तक्षयाला कारणे आधीच पुष्कळ. अशा वेळी डोळ्याच्या जुन्या आजाराचा विषय निघणार कसा? मोठ्या तपासण्यांसाठी इथले अनेक रुग्ण गोंदियामार्गे नागपूर गाठतात. डोळ्याच्या ऑपरेशनचे कागद, ते कितीही जुने असोत, त्यांनी सोबत न्यावेत आणि पोटाच्या डॉक्टरांनाही दाखवावेत.

— संपादक