गेटवरचा सावकार फोनमध्ये शिरला

सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी टाइम ऑफिसला होतो. मस्टर आणि पगार ही माझी कामं. सुरुवातीच्या काळात पगार पाकिटातून व्हायचा. रजिस्टरवर रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर सही नाहीतर अंगठा, आणि नोटा कामगारानं खिडकीसमोरच मोजून घ्यायच्या. एखादी नोट कमी निघाली तर ती कॅशियरनं भरून द्यायची. चूक कोणाची, हे विचारायला कुठं जावं लागत नसे.

ही रीत कायद्यानं घालून दिलेली होती. 1936च्या पगारवाटपाच्या कायद्यानुसार पगार नाण्यांत किंवा नोटांतच द्यायचा. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात तारखेच्या आत. 1976 साली चेक आणि बँक खात्याची वाट उघडली, पण कामगारानं लिहून दिलं तरच. नोटाबंदीच्या मागोमाग आलेल्या 2017च्या दुरुस्तीनं ती अटही गेली. पाकीट संपलं, पगार झाल्याचं फोनवरच्या मेसेजवरून कळू लागलं.

कामगाराच्या पगारावर नजर ठेवणारे मात्र पूर्वीपासून आहेत. ऋणकोचा पाठलाग करणं, त्याच्या घराजवळ किंवा कामाच्या जागी घुटमळत राहणं हा 1946च्या मुंबई सावकारी कायद्यानं गुन्हा ठरवला होता. सरकारला असं कलम घालावं लागलं, यावरूनच पगाराच्या दिवशी गेटवर काय चालत असेल ते समजावं.

कर्ज देणारी ॲपं आली आणि तो गेटवरचा माणूस फोनमध्ये शिरला. आमच्याकडच्या एका लूमवाल्यानं पोराच्या दवाखान्यासाठी अशा एका ॲपवरून काही हजारांची उचल केली. ॲप टाकताना कॉन्टॅक्ट्स आणि फोटो बघायची परवानगी मागितली गेली. दिल्याशिवाय पुढं जाता येईना, म्हणून त्यानं दिली. हप्ता थकला तसे त्याच्या मेव्हण्याला फोन सुरू झाले, मग गावच्या किराणा दुकानदाराला, आणि त्याच्या फोनमध्ये ‘टाइम ऑफिस’ म्हणून आमचा नंबर होता, म्हणून मलाही. पलीकडचा माणूस त्याचं नाव घेऊन शिव्या देत होता. तो माझ्या टेबलासमोर खाली मान घालून उभा होता. पुढं दोन दिवस कामावर आला नाही.

2 सप्टेंबर 2022 रोजी रिझर्व्ह बँकेनं नियम केला, की कर्जाच्या ॲपनं फोनमधली संपर्कयादी, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही. 1946च्या कलमात जे होतं तेच हे, फक्त 76 वर्षांनी. नियम चांगलाच आहे. पण तो येईपर्यंत किती घरांची अब्रू गेली!

‘ओटीपी सांगू नका’ हे आपण कामगारांना घोकून घोकून शिकवलं. ॲप बनवणाऱ्यांना तितकं कोणी शिकवलं का? मार्च 2017 मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रचं प्रकरण उघडकीस आलं. विकत घेतलेल्या यूपीआय प्रणालीत दोष होता, पाठवणाऱ्याच्या खात्यात शिल्लक नसतानाही पैसे पुढं जात होते. सुमारे 25 कोटींचा फटका बसला. खात्यात शिल्लक आहे की नाही, एवढी साधी तपासणी प्रणालीत झाली नव्हती. ओटीपी जपणारा ग्राहक त्यात काय करणार होता?

ॲप वापरणाऱ्याची अपेक्षा खिडकीसमोरच्या कामगारासारखीच आहे: मागायचं तेवढंच मागा, माझा पैसा नीट मोजा, चूक तुमची असेल तर भरून द्या. 2023च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात 250 कोटींपर्यंत दंड आहे. पण तो दंड भारताच्या संचित निधीत जमा होतो, नुकसान झालेल्या माणसाला त्यातून काही मिळत नाही. उलट माहिती-तंत्रज्ञान कायद्यातलं नुकसानभरपाईचं 43-अ कलम वगळण्याची तरतूद याच कायद्यात करून ठेवली आहे. भरपाईचा हक्क कायद्यात राहिलाच पाहिजे, आणि चिंचोळीपासून अक्कलकोट रोडपर्यंतच्या कामगार संघटनांनी बोनसच्या मागणीबरोबर ही मागणीही लावून धरावी.