बोरीबंदरचा घुमट कोणी उभा केला?

बोरीबंदरला उतरणारा आपला माणूस सहसा वर पाहत नाही; त्याला हजेरी गाठायची असते. मीही कित्येक वर्षे पाहिले नाही. पुढे मुंबईचा इतिहास शिकवण्याची वेळ आली तेव्हा वर्गात फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सचे नाव सांगितले. वडार वस्तीतून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, दगड कोणी फोडला?"

स्टीव्हन्स कर्तबगार होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. १८४७ साली इंग्लंडमधील बाथ येथे जन्मला, १८६७ मध्ये सरकारी बांधकाम खात्यात नोकरी धरून हिंदुस्थानात आला. व्हिक्टोरिया टर्मिनसचे काम १८७८ मध्ये सुरू होऊन १८८८ मध्ये पुरे झाले. खर्च सुमारे १६ लाख रुपये. महापालिकेची इमारतही त्याचीच, १८९३ची. १९०० साली तो मुंबईतच मलेरियाने वारला.

स्टेशनचा घुमट अष्टकोनी आहे. त्याच्या दगडी फासळ्या एकमेकींत खाच घालून अडकवल्या आहेत. खालून लाकडी आधार न देता तो चढवला गेला. नकाशा साहेबाचा, मान्य. पण त्या उंचीवर दगड खाचेत नेमका बसवणारा हात निव्वळ हुकूम ऐकणारा नव्हता. त्या हाताला विद्या होती. फक्त तिला पदवी नव्हती.

नोंदी काय सांगतात? शिखरावरील प्रगतीची मूर्ती टॉमस अर्पची. पानाफुलांचे नक्षीकाम जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे. देखरेखीवर सीताराम खंडेराव आणि माधेराव जनार्दन. म्हणजे नोंद साहेबापासून देखरेख करणाऱ्यापर्यंत खाली उतरली आणि तिथेच थांबली. चुन्याची पाटी डोक्यावर घेऊन परातीवर चढणारी बाई तिच्यात नाही. आमचे इतिहासकारही त्याच पायरीवर थांबले, याचा मला अधिक राग आहे.

स्टेशन पुरे झाले त्याच १८८८ सालच्या ११ मे रोजी, तिथून चालत जाण्याजोग्या मांडवी कोळीवाड्यात, जोतीराव फुल्यांना 'महात्मा' ही पदवी देण्यात आली. फुले स्वतः कंत्राटदार होते. खडकवासल्याच्या धरणाचे काम त्यांनी पाहिले होते. मुंबईतील त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांत जाया कराडी लिंगू, व्यंकू काळेवार यांच्यासारखे तेलुगू कंत्राटदार होते. दगड, चुना आणि मजुराची हजेरी ही माणसे जाणत होती. त्या विद्यार्थ्याला मी आता या मंडळींच्या चरित्रांकडे पाठवले आहे. आणि आजीकडेही.