माळ्यावरचा कांडेचोर आणि त्याची पिल्ले

जुन्या कौलारू घराच्या माळ्यावर रात्री हालचाल जाणवू लागली की पहिला संशय उंदरांवर जातो. परंतु उंदराची धावपळ हलकी आणि तुटक असते. वाशांवरून एखादे जड मांजर संथपणे चालत गेल्यासारखा आवाज संध्याकाळी आणि पुन्हा पहाटे येत असेल, तर तो बहुधा कांडेचोर असतो. यालाच उदमांजर असेही म्हणतात. नावात मांजर असले तरी हा मांजरकुळातला प्राणी नव्हे. जवादी मांजराचा तो भाऊबंद. वजन साधारण दोन ते पाच किलो, करड्या अंगावर काळसर ठिपके, डोळ्यांभोवती मुखवट्यासारखी खूण आणि जवळजवळ शरीराइतकीच लांब शेपटी, असे त्याचे रूप असते.

खात्रीची खूण मात्र विष्ठेत सापडते. कांडेचोर फळे खातो आणि बिया न चावता गिळतो. त्यामुळे माळ्याच्या एका ठरावीक कोपऱ्यात किंवा कुंपणाच्या भिंतीवर भेर्ल्या माडाच्या, पपईच्या, चिकूच्या अख्ख्या बिया असलेली विष्ठा पडलेली दिसते. याच सवयीमुळे रानात अनेक झाडांचा प्रसार होतो, आणि जगात अतोनात महाग विकली जाणारी एक कॉफीही याच सवयीची देणगी आहे. उंदीर आणि किडे हेही त्याचे खाद्य. माडावर बांधलेल्या मडक्यातील सूर पिण्याची त्याची खोड तर प्रसिद्धच आहे. माळ्यावरून फुत्कार किंवा चिरका आवाज येत असेल, तर मात्र तेथे गव्हाणी घुबडाची पिल्ले असण्याचीही शक्यता असते. म्हणून आधी बियांची खूण पाहावी.

झाडाची ढोली ही त्याची मूळ वसतिस्थाने. जुने आंबे-फणस तुटले की ढोल्याही जातात. मग उबदार, कोरडा आणि दिवसभर कोणी न फिरकणारा माळा मादीला ढोलीसारखाच वाटतो. सुमारे दोन महिन्यांच्या गर्भारपणानंतर तिला दोन ते पाच पिल्ले होतात. त्यांचे डोळे उघडायला अकरा-बारा दिवस लागतात आणि जवळपास दोन महिने ती आईच्या दुधावर असतात.

घरमालकाची सर्वांत मोठी चूक याच काळात होते. रात्री मादी बाहेर पडली की घाईने भोक बुजवले जाते. आत राहिलेली पिल्ले उपासमारीने मरतात, त्यांची दुर्गंधी कित्येक दिवस घरात कोंडून राहते, आणि आत शिरण्यासाठी मादी आणखी चार कौले उचकटते. सोडणे जाळून धूर करणे तर अधिकच घातक. मादी पळते, पिल्ले गुदमरतात आणि कोरड्या वाशांना आग लागण्याचे भय असते. विष घातल्यास मेलेला प्राणी माळ्याच्या पोहोचेबाहेर कुजतो. शिवाय त्याला पाळीव मांजरे आणि घुबडेही बळी पडतात.

पिंजरा लावून दूरच्या रानात सोडणे अनेकांना दयाळूपणाचे वाटते. पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये हा प्राणी संरक्षित आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत सापळ्यात पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. पकडण्याची गरज पडलीच, तर ते काम वन खात्याचे. एरवीही पिंजऱ्याने फारसे साधत नाही. भोक उघडे राहिले तर रिकामी जागा दुसरा कांडेचोर व्यापतो. उत्तर अमेरिकेत घराच्या धुराड्यात पिल्ले घालणाऱ्या रकून या प्राण्याबाबतही अनुभव असाच आहे. तेथील जाणकार पिल्ले आईसह बाहेर पडू देतात आणि मग धुराड्यावर जाळीचे टोपण बसवतात.

निकड नसेल तर पिल्ले मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थांबणे हाच उत्तम उपाय. थांबणे शक्य नसेल तर दिवसा माळ्यावर दिवा लावून ठेवावा आणि जवळ रेडिओ हलक्या आवाजात चालू ठेवावा. जागा असुरक्षित वाटली की मादी एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. त्यासाठी रात्री तिची वाट मोकळी आणि अंधारी ठेवावी, कुत्रे बांधून ठेवावे. खाली पडलेले पिल्लू आढळल्यास हातमोजे घालून, फडके अंथरलेल्या उघड्या खोक्यात, सापडले त्याच ठिकाणी संध्याकाळी ठेवावे. गाईचे दूध पाजू नये. सकाळपर्यंत आई आली नाही तर वन खात्याला कळवावे. पिल्लू घरी पाळणे हा गुन्हा आहे.

माळा रिकामा झाला की नाही, हे राखेवरून कळते. संध्याकाळी भोकाच्या तोंडाशी बारीक राख पसरावी. सलग तीन रात्री पावलांचा ठसा उमटला नाही आणि दिवसा टॉर्च घेऊन पाहिल्यावर कोपऱ्यात काही हलले नाही, तरच भोक बुजवावे. त्यासाठी जस्ताची जाड जाळी वापरावी. प्लॅस्टिकची जाळी तो सहज फाडतो. भिंत आणि छप्पर यांमधील फट, सरकलेली कौले, तुटलेली पाखाडी सगळी तपासावी आणि छपरावर टेकलेल्या फांद्या छाटाव्यात. पावसाळ्यापूर्वी कौले परतण्याच्या वेळी हे काम सोपे पडते, मात्र गड्याने पहिले कौल काढण्याआधी पिल्ले नसल्याची खात्री करून घ्यावी.

जुनी विष्ठा कोरडी झाडू नये. तोंडाला मास्क लावून, जंतुनाशकाने ती भिजवून मगच उचलावी. प्राण्याने चावा घेतला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी इस्पितळात जाऊन रेबीजविरोधी लस घ्यावी.