रोबोटिक्स स्पर्धेसाठी कमी खर्चातील सराव-मैदान : माप कोठे काटेकोर हवे, बचत कोठे शक्य

नवी दिल्ली : विद्यार्थ्यांच्या रोबोटिक्स स्पर्धेतील सामना अवघा अडीच मिनिटांचा असतो, त्यामागील सराव मात्र कित्येक महिने चालतो. हा सराव कोठे करावयाचा, हा प्रश्न साधनसंपन्न शाळांना फारसा पडत नाही. लहान गावांतील विद्यालये आणि वर्गणी काढून भाग घेणारे संघ यांच्यापुढे मात्र तो पहिल्याच दिवशी उभा राहतो. सुटे भाग, प्रवेश शुल्क आणि प्रवास यांचा खर्च भागविल्यानंतर अधिकृत मैदान विकत घेण्याइतका पैसा क्वचितच उरतो. मैदानाविना तयार झालेला रोबोट मग थेट स्पर्धेच्या दिवशीच खऱ्या पृष्ठभागावर प्रथम धावतो.

प्लायवूड, फोमच्या फरश्या आणि छापील फलक या सहज मिळणाऱ्या साहित्यातून सरावासाठी पुरेसे विश्वसनीय मैदान उभारता येते. त्यासाठी एक तत्त्व लक्षात ठेवणे आवश्यक आहे. रोबोट ज्या वस्तूला स्पर्श करतो किंवा संवेदकाद्वारे जिची नोंद घेतो, तिच्या मापात तडजोड करू नये; उर्वरित सर्व ठिकाणी बचत करावी.

मैदानांचे दोन प्रकार

शालेय स्पर्धांची मैदाने स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार मेजावरील मैदानाचा. ‘फर्स्ट लेगो लीग चॅलेंज’ या स्पर्धेत भिंतींच्या आतील जागा २,३६२ मिलीमीटर लांब व १,१४३ मिलीमीटर रुंद असते. ‘वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाड’च्या ‘रोबोमिशन’ गटातील छापील पटाचे मापही हेच आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या या ऑलिम्पियाडची २०१६ ची जागतिक अंतिम फेरी भारतात, राजधानी परिसरात झाली होती.

दुसरा प्रकार जमिनीवरील मैदानाचा. ‘फर्स्ट टेक चॅलेंज’ या १२ ते १८ वर्षे वयोगटासाठीच्या स्पर्धेचे मैदान सुमारे १२ फूट लांब व तितकेच रुंद असते. त्यावर फोमच्या ३६ चौरस फरश्या असतात आणि सभोवती सुमारे एक फूट उंचीची भिंत असते. एका वेळी चार रोबोट उतरतात. पहिली ३० सेकंदे ते केवळ आज्ञावलीनुसार चालतात आणि पुढील दोन मिनिटे विद्यार्थी त्यांचे नियंत्रण करतात. अमेरिकी संशोधक डीन केमन यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेली ‘फर्स्ट’ ही संस्था या दोन्ही स्पर्धा भरविते.

अचूकतेचे महत्त्व

रोबोट आपले स्थान मुख्यतः चाकांच्या फेऱ्यांवरून ओळखतो. ५६ मिलीमीटर व्यासाचे चाक एका फेरीत सुमारे १७६ मिलीमीटर अंतर कापते. गुळगुळीत फरशीवर चाक किंचित घसरले आणि अंतरात दोन टक्क्यांची तूट आली, तर दोन मीटरच्या प्रवासाअखेर रोबोट चार सेंटीमीटर मागे राहतो. दिशेतील एका अंशाची चूक याच अंतरावर त्याला साडेतीन सेंटीमीटर बाजूला नेते. वस्तू उचलणाऱ्या पंजासाठी एवढा फरक अपयशास पुरेसा ठरतो.

वर्गाच्या शहाबादी फरशीवर उत्तम चालणारी आज्ञावली फोमवर किंवा विनाइलच्या पटावर फसते, ती याच कारणाने. त्यामुळे पैसा मर्यादित असेल, तर प्रथम पृष्ठभागावर खर्च करावा. भिंतीचा रंग किंवा मेजाचे पाय यांचा विचार नंतर करता येतो.

प्लायवूडच्या एका पत्र्यातून मेज

मेजावरील मैदानाचे २,३६२ व १,१४३ मिलीमीटर हे आकडे विचित्र वाटले, तरी त्यांचे मूळ प्लायवूडच्या पत्र्यात आहे. आठ फूट बाय चार फुटांचा पत्रा २,४३८ बाय १,२१९ मिलीमीटर भरतो. त्याच्या चारही कडांवर ३८ मिलीमीटर जाडीच्या लाकडी पट्ट्या बसविल्या, की आत नेमकी अपेक्षित जागा उरते. हाच पत्रा भारतातील कोणत्याही प्लायवूडच्या दुकानात मिळतो. त्यामुळे तळासाठी सुतारास तो कापावाही लागत नाही.

पट्टीच्या जाडीकडे मात्र लक्ष द्यावे. १९ मिलीमीटरच्या दोन पट्ट्या एकमेकींना चिकटविल्यास ३८ मिलीमीटर जाडी मिळते. बाजारात १८ मिलीमीटर प्लायवूडही सर्रास विकले जाते. त्याच्या दोन पट्ट्या वापरल्यास आतील जागा दोन्ही दिशांनी चार मिलीमीटरने वाढते. अशा वेळी पट्ट्या कडेपासून दोन मिलीमीटर आत सरकवून बसवाव्यात. भिंतीची उंची ६४ ते ९० मिलीमीटर चालते. मात्र ती चारही बाजूंना सारखी हवी, कारण अनेक संघ भिंतीला टेकून रोबोटची दिशा सरळ करून घेतात.

कोपरे काटकोनात आहेत का, हे केवळ गुण्या लावून ठरवू नये. दोन्ही कर्ण मोजावेत. ते एकसारखे, सुमारे २,६२४ मिलीमीटर भरले पाहिजेत. पत्रा मध्यभागी झुकू नये म्हणून खाली दोन आडव्या पट्ट्या ठोकाव्यात आणि पाणसळीने समतलता तपासावी. स्वतंत्र पाय बनविण्याची गरज नाही. शाळेतील दोन-तीन बाकांवर, किंबहुना जमिनीवरही हे मैदान ठेवता येते.

छापील पट

‘रोबोमिशन’च्या पटाची छपाईयोग्य फाइल आयोजक विनामूल्य उपलब्ध करून देतात. फलक छापणाऱ्या दुकानात ती मोठ्या आकारात छापून मिळते. छपाईस देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. फाइल मूळ आकारातच छापावी. पृष्ठभाग चकचकीत नसून मंद असावा. आणि पट घडी न घालता गुंडाळी करून द्यावा. चकचकीत पटावर दिव्याचे प्रतिबिंब पडून रंग ओळखणारा संवेदक फसतो, तर घडीची रेघ लहान चाकाला उंचवट्यासारखी लागते.

पट हाती आल्यावर मोजपट्टीने त्याची लांबी-रुंदी तपासावी. छपाईतील रंग अधिकृत पटाशी तंतोतंत जुळतीलच, असे नाही. म्हणून रंगांची मूल्ये आज्ञावलीत कायमची न कोरता, प्रत्येक सत्रापूर्वी संवेदकाकडून मोजून घेण्याची सवय संघाने लावावी. स्पर्धास्थळी प्रकाशयोजना बदलल्यावर हीच सवय उपयोगी पडते.

बारा फुटी मैदान

जमिनीवरील मैदानात सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे फोम. व्यायामशाळा आणि तायक्वांदो वर्गांसाठी विकल्या जाणाऱ्या, एकमेकींत अडकणाऱ्या फरश्या सरावासाठी वापरता येतात. मात्र त्यांची जाडी व कठीणपणा अधिकृत फरशीच्या जवळपास असावा. फार मऊ फोममध्ये जड रोबोटची चाके रुततात आणि वळणे बदलतात. वेष्टनावरील मापावरही विसंबू नये. दातेरी कडा एकमेकींत बसल्यावर एका फरशीने व्यापलेली लांबी तिच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा कमी भरते. म्हणून सहा फरश्या जोडून संपूर्ण रांग मोजावी आणि तेच माप आज्ञावलीत वापरावे.

भिंतीसाठी साधा हिशेब पुरतो. प्लायवूडचा एक पत्रा लांबीच्या दिशेने कापल्यास एक फूट रुंदीच्या, आठ फूट लांबीच्या चार पट्ट्या मिळतात. मैदानाचा परिघ ४८ फूट असल्याने अशा सहा पट्ट्या, म्हणजे दीड पत्रा पुरतो. उरलेल्या अर्ध्या पत्र्यातून खेळातील इतर रचना बनविता येतात. कोपरे खिळ्यांनी ठोकण्याऐवजी लोखंडी कोनपट्ट्या आणि नट-बोल्टने जोडावेत, म्हणजे सुटीत भिंत सोडवून ठेवता येते. अधिकृत भिंत पारदर्शक असते, प्लायवूडची नसते. अंतर मोजणारे संवेदक या दोन पृष्ठभागांना भिन्न प्रतिसाद देऊ शकतात, याची नोंद ठेवावी.

पूर्ण मैदानासाठी जागा वा पैसा नसेल, तर नऊ फरश्यांचे, सहा फूट बाय सहा फुटांचे पाव मैदान उभारावे. खेळाची रचना बहुधा दोन्ही पक्षांसाठी समान ठेवलेली असल्याने उचलणे, टाकणे आणि सुरुवातीच्या हालचाली यांचा सराव एका कोपऱ्यातही होतो. लांब पल्ल्याच्या हालचालींसाठी तीन बाय सहा फरश्यांचे अर्धे मैदान उपयुक्त ठरते.

मिशिगन विद्यापीठात विकसित झालेल्या ‘एप्रिलटॅग’ या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या खुणा कॅमेऱ्याला स्थान सांगतात. त्या साध्या कागदावर छापता येतात. परंतु आकार अचूक हवा. कॅमेरा खुणेच्या ज्ञात आकारावरून अंतर काढतो. खूण पाच टक्क्यांनी लहान छापली गेली, तर दोन मीटरवरील भिंत त्याला सुमारे दहा सेंटीमीटर दूर भासते. कागद सपाट पुठ्ठ्यावर चिकटवावा आणि त्यावर चकचकीत प्लास्टिकचे आवरण चढवू नये.

खेळातील उर्वरित रचना पीव्हीसी पाइप, पुठ्ठा व जुने लाकूड यांतून बनविता येतात. उंची, तोंडाची रुंदी आणि पकडण्याची जागा ही मापे आराखड्याप्रमाणे ठेवावीत. रंगरूप दुय्यम आहे. नियम व आराखडे दरवर्षी बदलत असल्याने तळ आणि भिंत कायमची, तर खेळाच्या रचना बदलत्या, अशी विभागणी केल्यास खर्च अनेक वर्षांवर विभागला जातो.

ज्ञात दोष आणि अज्ञात दोष

कमी खर्चाचे मैदान निर्दोष असत नाही, आणि तसे असण्याची गरजही नाही. एका कोपऱ्यात भिंत तीन मिलीमीटर आत आली आहे, हे संघाला ठाऊक असेल, तर तो तिला टेकून दिशा साधण्याची किंवा रेषेचा माग घेत जाण्याची युक्ती योजतो. अशी युक्ती स्पर्धेतही टिकते, कारण अधिकृत मैदानेही एकमेकांहून थोडीफार वेगळी असतात. ठाऊक नसलेला दोष मात्र घातक ठरतो. चुकीच्या मापावर शंभर वेळा घोटलेली आज्ञावली त्या चुकीसाठीच तरबेज होते.

यासाठी मैदानाची नोंदवही ठेवावी. कर्ण, फरश्यांच्या रांगा, भिंतीची उंची आणि खुणांचे आकार दर पंधरवड्याला मोजून लिहावेत. एकच आज्ञावली सलग दहा वेळा चालवून किती वेळा यश आले, याची नोंद करावी. सोबत बॅटरी किती भरलेली होती, हेही लिहावे. पावसाळ्यात, विशेषतः किनारपट्टीच्या दमट हवेत, प्लायवूड वाकते. कडांना रंग किंवा वॉर्निशचा हात दिल्यास ओलावा कमी शिरतो. पत्रे भिंतीला तिरपे टेकवून न ठेवता आडवे ठेवावेत.

सामायिक मैदानाचा पर्याय

जागेचा प्रश्न काही शाळांपुरता तरी सुटलेला आहे. नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानांतर्गत इयत्ता सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा उभारण्यास शाळांना २० लाख रुपयांपर्यंत अनुदान दिले जाते. अशा १०,००० प्रयोगशाळा देशभर स्थापन झाल्या असून, पुढील पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याची घोषणा २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात करण्यात आली. प्रयोगशाळेसाठी किमान १,५०० चौरस फूट, तर डोंगराळ भागात १,००० चौरस फूट जागेची अट आहे. बारा फुटी मैदान त्यातील १४४ चौरस फूट व्यापते. मेजावरील मैदानास ३२ चौरस फूट पुरतात.

परिसरातील चार-पाच शाळांनी वर्गणी काढून अशा एका प्रयोगशाळेत सामायिक मैदान उभारले आणि वार वाटून घेतले, तर कोणत्याच शाळेवर पूर्ण भार पडत नाही. त्याचा आणखी एक लाभ आहे. दुसऱ्या संघाचा रोबोट त्याच मैदानावर अडखळला, तर दोष यंत्राचा की मैदानाचा, याचा उलगडा लवकर होतो. स्पर्धेच्या आधी खरा प्रतिस्पर्धी पाहण्याची संधीही लहान गावातील विद्यार्थ्यांना बहुधा अशाच ठिकाणी प्रथम मिळते.