मिटणारी पाती : कलमतराश आणि अडकित्ता

शस्त्रांचा इतिहास म्हटला की आपल्याकडील लेखणी प्रथम तलवारीकडे वळते. पट्टा, बिचवा, वाघनखे यांवर पानेच्या पाने भरतात आणि वाचकही ती आवडीने वाचतात. परंतु ज्या लहानशा पात्यांनी आमच्या आजोबा-पणजोबांचा रोजचा दिवस चालविला, जी मिटून कनवटीला, खिशात किंवा चंचीत राहिली, त्यांची दखल इतिहासाने क्वचितच घेतली आहे. हुबळी-धारवाडच्या परिसरात अशा दोन पात्यांस विशेष मान होता. एक कचेरीचे, म्हणजे बोरू तासण्याचा चाकू; दुसरे ओसरीवरचे, म्हणजे अडकित्ता. एकाने कागद लिहिविले, दुसऱ्याने पाहुण्याचा सत्कार केला. या दोहोंची हकीकत येथे थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम कचेरीचे पाते घेऊ. दीर्घ वेढ्यानंतर एप्रिल १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी इंग्रजी पलटणीच्या साहाय्याने धारवाडचा किल्ला टिपूच्या किल्लेदाराकडून घेतला. १८१७-१८ च्या युद्धात हा मुलूख पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. पुढे धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात आला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात सामील होईपर्यंत मुंबईकडेच राहिला. पेशवाईत व इंग्रजी अमलाच्या पहिल्या दशकांत येथील दप्तराचे काम बव्हंशी मराठीत, मोडी लिपीत चाले. नंतर लोकांच्या भाषेस, कन्नडास, तिचे स्थान मिळाले आणि ते रास्तच झाले. पण ज्या कारकुनांनी ती जुनी दप्तरे लिहिली, त्यांच्या बैठकीवर दौत, वाळूची डबी आणि बोरू यांच्या शेजारी एक चाकू असेच.

त्याचे कारण बोरूच्या जातीतच आहे. बोरू म्हणजे वाळलेल्या वेताची वा नळीची लेखणी. तिचे टोक तिरपे छाटावे लागते, आतला गर खरवडावा लागतो, मध्यभागी बारीक चीर द्यावी लागते आणि शेवटी टोक एका घावात कापावे लागते. हा घाव चुकला तर अक्षर फाटते. मोडीचे अक्षर हात न उचलता धावते, म्हणून टोक झिजले की ओळ जाड व मठ्ठ होते आणि दिवसातून अनेकदा नवी धार काढावी लागते. म्हणजे सुंदर अक्षराचे निम्मे श्रेय हाताचे आणि निम्मे चाकूचे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. फारसीत या हत्यारास ‘कलमतराश’, म्हणजे कलम तासणारा, असे नाव आहे. इराण व तुर्कस्थानातील सुलेखनकार ते मोठ्या अभिमानाने जपत. ते बहुधा लांब मुठीचे, न मिटणारे पाते असे.

मिटणारे पाते मात्र पश्चिमेकडून फार मोठ्या संख्येने आले. ही कल्पना तेथेही नवी नव्हती. रोमन लोकांचे मिटणारे चाकू उत्खननांत सापडले आहेत. परंतु पाते उघडल्यावर व मिटल्यावर पाठीच्या कमानीने जागी धरून ठेवण्याची युक्ती इंग्लंडातील शेफील्ड गावच्या कारागिरांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घरोघरी नेली. त्या गावच्या चाकू करणाऱ्यांच्या संघास १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने मान्यता मिळाली होती. तेथील रॉजर्स घराण्याचे तारा आणि क्रूस हे चिन्ह १६८२ पासूनचे. पिसाची लेखणी तासण्यासाठी म्हणून इंग्रजीत या चाकूचे नावच ‘पेननाइफ’ पडले. म्हणजे इराणी कलमतराश आणि इंग्रजी पेननाइफ ही एकाच कामातून निघालेली दोन नावे होत.

या चाकूचे मूळ काम पुढे संपले, आणि तेही दुसऱ्या एका लोखंडी वस्तूमुळेच. १८२० च्या सुमारास बर्मिंगहॅममध्ये पोलादी निबे यंत्रावर निघू लागली. कालांतराने ती आमच्या कचेऱ्यांत व शाळांत टाकाच्या रूपाने आली. टाकास तासावे लागत नाही. मग चाकूने शिसपेन्सिलीस टोक काढणे, पेरू कापणे, पार्सलाची दोरी तोडणे ही नवी कामे पत्करली. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये सैनिकांसाठी मिटणारे चाकू पुरविण्यास प्रारंभ केला. १९१३ मध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारे पोलाद सिद्ध केले. या दोन घटनांनी खिशातल्या चाकूचे आजचे रूप घडले. इकडे मोडीही विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून गेली. लिपी गेली, बोरू गेला, आणि त्यांच्यामागून चाकूची ओळखही गेली. आज मिटणारा चाकू म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर रामपूरचे पाते आणि चित्रपटांतील गुंड उभा राहतो. जे हत्यार एके काळी विद्येच्या पंक्तीस बसत होते, त्याच्या वाट्यास ही बदनामी यावी हे आम्हांस खेदाचे वाटते.

आता ओसरीकडे वळू. अडकित्ता हाही मिटणाऱ्या पात्यांच्याच कुळातला. दोन दांडे एका खिळीवर फिरतात. वरच्यास पोलादी पाते, खालच्यास बैठक. मुख्य म्हणजे हा शब्दच आमच्या भागाची साक्ष देतो. कन्नडात सुपारीस ‘अडिके’ म्हणतात आणि ती कातरण्याच्या साधनास ‘अडकत्तरी’ किंवा ‘अडकोत्तु’. त्याच घराण्यातून मराठीचा अडकित्ता आला. मलयाळममधील ‘अडक्का’ पोर्तुगीजांनी उचलली आणि तिची ‘अरेका’ झाली. तोच शब्द पुढे इंग्रजीने व वनस्पतिशास्त्राने घेतला. संस्कृत पूगफल मराठीत पोफळ आणि कोंकणीत फोफळ झाले. एका फळाभोवती किती भाषा एकत्र बसल्या आहेत, हे पाहून कौतुक वाटते.

सह्याद्रीच्या माथ्यावरील शिरसी-सिद्दापूरच्या बागा सुपारीसाठी प्रसिद्ध आहेत. शिरसी येथे बागाइतदारांची सहकारी विक्री संस्था १९२३ पासून काम करीत आली आहे. घाटावरच्या या शेजारामुळे धारवाडकडील घरांत सुपारीची वाण कधी पडली नाही. देवापुढे अखंड सुपारी, गणपतीच्या जागी सुपारी, विवाह ठरला की सुपारी फोडणे, पाहुणा आला की विडा: इतक्या मंगल प्रसंगी जी वस्तू लागते, तिचे हत्यार साधे राहील कसे? पितळी अडकित्त्यांस मोर, पोपट, घोडा असे आकार दिले गेले. काहींच्या दांड्यांतच चुन्याची डबी बसविली गेली. गुजरातेत जामनगरची ‘सूडी’ याच कामासाठी नावाजलेली आहे. भाषेतही अडकित्ता शिरला. कोंडीत सापडलेल्या मनुष्यास आपण ‘अडकित्त्यात सापडला’ म्हणतो. आणि रिकामा अडकित्ता वाजविणाऱ्या मुलास घरातील वडील मंडळी ‘भांडण होईल’ म्हणून दटावीत. या समजुतीत एक व्यवहारही होता: पाते उगाच बैठकीवर आपटले की धार बोथट होते.

या वस्तूंचा संग्रह करावा हे प्रथम ज्यांस सुचले, त्यांत पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचे नाव अग्रभागी येते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्यास आरंभ केला आणि बालवयात निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहालयास दिले. राजेरजवाड्यांच्या वस्तूंपेक्षा दिवे, दौती, अडकित्ते, पानदाने यांतच त्यांस संस्कृती दिसली. तेथील अडकित्त्यांचे दालन पाहून पुष्कळांस आपल्या घरातील विस्मृत डब्याची आठवण होते. परदेशातही या कलेचे चाहते निघाले. कोलंबिया विद्यापीठातील विख्यात गणितज्ञ सॅम्युअल आयलनबर्ग यांनी आशियातील अडकित्ते गोळा केले आणि त्यांच्या संग्रहावर स्वतंत्र ग्रंथ निघाला. दूर देशीच्या गणितज्ञास ज्याची किंमत कळली, ते आमच्याकडे मोडीच्या भावाने वजनावर विकले जावे, ही गोष्ट लज्जास्पद होय.

मात्र येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे योग्य नव्हे. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीसही मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. तोंडाची त्वचा आखडून जबडा न उघडण्याचा विकारही सुपारीनेच जडतो. म्हणजे ज्या हत्याराचा आम्ही गौरव करीत आहो, त्याचे रोजचे काम थांबावे हेच हिताचे आहे. मग अडकित्ता टाकून द्यावा काय? आम्हांस तसे वाटत नाही. कलमतराशाचे काम संपले म्हणून जुने दप्तर आम्ही जाळीत नाही. पूजेतील सुपारी अखंडच असते. तिला अडकित्त्याची गरज नाही. आतिथ्याचा भाव ठेवून पाहुण्यापुढे बडीशेप-खडीसाखर ठेवता येते. सवय सोडावी आणि वस्तू जपावी, यांत विसंगती नाही. उलट सवय सुटली की वस्तू अधिक काळजीने जपावी लागते, कारण तिला रोज हाताळणारा हात उरत नाही.

जपण्याची रीत अवघड नाही. मिटणाऱ्या पात्याचा शत्रू त्याच्या सांध्यात बसतो. तेथे धूळ व ओल साचते आणि गंज आतून चढतो. म्हणून चाकू ओला असता कधी मिटू नये. लिंबू किंवा कैरी कापल्यावर पुसून, वाळवून मगच मिटावा. सांधा मऊ कुंचल्याने झाडून खिळीवर तेलाचा एकच थेंब सोडावा. धार लावावयाची तर दगड ओला करून पाते एकाच कोनात, दोन्ही बाजूंनी सारखे फिरवावे; कोरड्या चाकावर तापले तर पात्याचे पाणी उतरते. जुन्या पितळी अडकित्त्यास चिंच किंवा राख लावून लखलखीत करण्याचा मोह आवरावा, कारण त्या घासण्यात कोरीव काम व कारागिराची खूण झिजून जाते. बाहेर नेताना कायद्याचेही भान असावे. १९६२ च्या शस्त्रनियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यास, घरगुती व शेतीच्या कामाचे नसल्यास, शस्त्रांत गणले होते. विमानात तर लहान चाकूही हातच्या सामानात चालत नाही.

खंडेनवमीस आपण शस्त्रे व अवजारे पुजतो. येत्या खंडेनवमीस वाचकांनी घरातील जुना चाकू व अडकित्ता पेटीतून काढून पाटावर मांडावा, वडीलधाऱ्यांस विचारून तो कोणाचा, कोठून आणला, कोण वापरीत असे, हे एका कागदावर लिहावे आणि तो कागद वस्तूबरोबर ठेवावा, अशी आमची विनंती आहे. ज्यांस घरी सांभाळणे शक्य नाही त्यांनी भंगारवाल्यास देण्याऐवजी जवळच्या संग्रहालयाकडे चौकशी करावी. धारवाडात १९३९ मध्ये स्थापन झालेली कन्नड संशोधन संस्था आहे, पुण्यास केळकर संग्रहालय आहे. त्या कागदावाचून अडकित्ता हे केवळ पितळ आहे. नावगाव सांगू शकणारी पिढी अजून आपल्यांत आहे, तोवर हे काम उरकून घ्यावे.