नळी बदलणारी रायफल : तिचा इतिहास आणि तिची निवड

शिकार ही गोष्ट आपल्या देशात आता इतिहासजमा झाली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती बंद झाली, आणि झाली ते योग्यच झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु मध्य युरोपात शिकारीची रायफल ही आजही नित्य व्यवहारातील वस्तू आहे. जर्मनी, ऑस्ट्रिया ह्या देशांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आपल्या तरुणांपैकी एखादा तेथील शिकार-परवान्याच्या परीक्षेस बसला, तर उत्तीर्ण होताच त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो : रायफल एक घ्यावी की दोन? आणि एकच घ्यावयाची, तर नळी बदलता येणारी घ्यावी काय? (ह्या परीक्षेस तेथील लोक विनोदाने ‘हिरवी आबिटुर’ म्हणतात. आबिटुर म्हणजे तेथील शालान्त परीक्षा. आपण तीस ‘रानातली मॅट्रिक’ म्हणावयास हरकत नाही.) दुकानदार ह्या प्रश्नाचे उत्तर देतोच, परंतु त्यास माल खपवावयाचा असतो. म्हणून थोडे इतिहासाकडे वळावे हे बरे.

तोड्याच्या व ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालीत. नळीचे बूड बंद असे, आणि ती काढून दुसरी बसविण्याचे कोणास कारणही नव्हते. १८३० नंतरच्या दशकात पॅरिसच्या काझिमीर लफोशो नामक कारागिराने मधोमध मोडणारी, मागून काडतूस भरावयाची बंदूक प्रचारात आणली. नळी बिजागरीवर खाली झुकते आणि पुढची लाकडी पट्टी काढली की हातात सुटी येते. एक नळी सुटी होते, तर त्याच बिजागरीवर दुसरी का बसू नये, हा विचार साहजिकच पुढे आला. लंडनचे बंदूककार एकाच दस्त्यावर दोन जोड्या नळ्या बसवून देऊ लागले. एक जोडी पेचदार खाचांची, गोळीसाठी, आणि दुसरी गुळगुळीत, छर्‍यांसाठी. ही जुळणी हाताची असे. दिव्याची काजळी लोखंडाला लावावयाची, नळी बसवून पाहावयाची, जेथे काजळी पुसली जाईल तेथे कानशीने किंचित घासावयाचे, असे दिवसचे दिवस चाले. अर्थात एका बंदुकीची नळी दुसरीवर बसत नसे, आणि तिची किंमतही श्रीमंतांनाच परवडे.

दुसरा मार्ग असा की एकाच नळीकडून दोन्ही कामे घ्यावयाची. बंगालच्या सैन्यातील जॉर्ज व्हिन्सेंट फॉसबेरी ह्या अधिकार्‍याने (१८६३ च्या अंबेला मोहिमेत ह्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता) १८८५ मध्ये अशा बंदुकीचे पेटंट घेतले, की जिच्या नळीला फक्त तोंडाशी खाचा होत्या. हॉलंड अँड हॉलंड ह्या कंपनीने ती ‘पॅराडॉक्स’ ह्या नावाने विकली, आणि हिंदुस्थानातील गोर्‍या साहेबांत ती फार लोकप्रिय झाली.

तरीही हिंदुस्थानात सुट्या नळीचे महत्त्व मर्यादितच राहिले, आणि ह्याचे कारण यंत्रशास्त्रात शोधू नये. साहेबाच्या व संस्थानिकाच्या मागे बंदुका वाहणारे दोन-तीन माणसे चालत असत. एक रायफल वाघासाठी, एक हरणासाठी, एक बंदूक तितरांसाठी. हात पुढे केला की हवी ती हातात येई. ज्याच्या पाठीमागे माणूस आहे त्यास नळी बदलण्याची गरज काय? जर्मनीत मात्र १८४८ च्या क्रांतीने सरदारांचा शिकारीचा विशेषाधिकार संपविला, तो हक्क जमिनीच्या मालकाकडे आला, आणि पुढे गावचा डॉक्टर, लाकडाचा व्यापारी, सधन शेतकरी असे लोक रान खंडाने घेऊन शिकार करू लागले. हा मनुष्य एकटा जाई. एकाच सकाळी त्यास ससा, कोल्हा, रो जातीचे लहान हरीण आणि रानडुक्कर ह्यांपैकी काहीही भेटे. त्याच्या खांद्यावर एकच हत्यार असावयाचे, म्हणून ते अनेक कामांचे असावे लागले. बदलत्या नळीचे खरे मूळ लेखकाच्या मते येथे आहे.

ह्या गरजेतून प्रथम ‘ड्रिलिंग’ निघाली. नावातच तीनचा आकडा आहे : वर छर्‍यांच्या दोन नळ्या आणि त्यांच्या खाली गोळीची एक. थुरिंगिया प्रांतातील झूल आणि ऑस्ट्रियातील फेरलाख ही ह्या कारागिरीची दोन माहेरघरे होत. (झूल हे गावाचे नाव, आपल्या हत्तीच्या झुलीशी त्याचा संबंध नाही.) दुसर्‍या महायुद्धात जर्मन विमानदलाने उत्तर आफ्रिकेवर उडणार्‍या वैमानिकांसाठी झाउअर कंपनीची ड्रिलिंग घेतली, ती विमान वाळवंटात उतरले तर निर्वाह व्हावा म्हणून.

ह्या झूल गावाची कथा थोडी सांगितलीच पाहिजे. १७५१ पासून चालत आलेली झाउअर कंपनी येथलीच. सिमसन नावाच्या यहुदी कुटुंबाचा मोठा कारखानाही येथेच होता. नाझी राजवटीने १९३५ मध्ये तो बळकावला आणि त्या कुटुंबास देश सोडावा लागला. १९४५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्य गावात आले, आणि जुलैमध्ये ठरल्याप्रमाणे गाव रशियनांच्या ताब्यात गेले. झाउअर कंपनीने पुढे पश्चिमेस, बाल्टिक समुद्राकाठच्या एकर्नफर्डे येथे नव्याने संसार मांडला. मेर्केलसारखी नावे झूललाच राहिली आणि तेथील कारखाने सरकारी झाले. बापाने मुलाला शिकविलेली विद्या एका सीमेच्या दोन बाजूंना विभागली गेली, आणि ही स्थिती १९९० पर्यंत टिकली.

आता यंत्राकडे वळू. पाउल माउझर ह्याच्या १८९८ च्या बोल्ट रायफलीने लष्करात आणि शिकारीत सारखेच राज्य केले. तिची नळी पोलादी पेटीत आट्यांनी घट्ट आवळलेली असते आणि बोल्टाचे कान त्या पेटीत अडकतात. काडतुसाचे बूड आणि बोल्टाचे तोंड ह्यांतील अंतर केसाएवढेही चुकून चालत नाही. ते वाढले तर काडतूस फाटून तप्त वायू नेमबाजाच्या चेहर्‍याकडे येण्याचा धोका असतो. म्हणून अशा रायफलीची नळी बदलणे हे बंदूककाराचेच काम. मापे लावून, परीक्षा करून मग ती परत द्यावयाची.

ही अडचण ज्या युक्तीने सुटली ती ऐकावयास साधी आहे. बोल्टाचे कान पेटीत अडकविण्याऐवजी थेट नळीतच अडकवावयाचे. मग ते महत्त्वाचे अंतर नळी आणि बोल्ट ह्या दोघांतच ठरते, आणि मधली पेटी केवळ आधारापुरती उरते. दक्षिण जर्मनीतील इस्नी गावच्या ब्लाझर कंपनीची १९९३ ची ‘आर ९३’ ही रायफल ह्या तत्त्वाची प्रसिद्ध मूर्ती होय. दस्त्याच्या खालून किल्लीने दोन नट सैल केले की नळी वर उचलून येते. दुर्बिणीचा आधार नळीवरच असतो, म्हणून दुर्बीण नळीबरोबर राहते. पुढे माउझरची ‘एम ०३’ आणि ब्लाझरचीच ‘आर ८’ ह्या आल्या. ह्या दोन्हींत कमान मुद्दाम अंगठ्याने चढवावी लागते. तोपर्यंत काडतूस आत असूनही चाप ओढल्याने बार होत नाही. डोंगरात घसरणार्‍या माणसास ही सोय नळीच्या सोयीपेक्षाही मोलाची आहे.

अमेरिकेत वॉरन सेंटर ह्याने १९६७ मध्ये ‘कंटेंडर’ नावाचे एकबारी पिस्तूल काढले. त्यात बिजागरीची एक खीळ काढली की नळी बदलते. त्याच्याबरोबर लांब नळी आणि खांद्याचा दस्ता असा संच विकल्यावरून तेथील सरकारने २०० डॉलरचा कर मागितला, कारण आखूड नळी आणि दस्ता एकत्र आले तर त्या कराच्या कायद्याखाली येणारे हत्यार होऊ शकते. तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९२ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. सुटी नळी हे हत्यार की हत्याराचा भाग, हा वाद किती खोल जातो ते ह्यावरून ध्यानात यावे.

कायद्याने नळी ठरविल्याचे उदाहरण आपल्याकडेही आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थान व सुदान येथे .४५० मापाच्या रायफलींस बंदी केली, कारण तिच्या गोळ्या बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलींस उपयोगी पडतील ही धास्ती होती. लंडनच्या बंदूककारांनी लागलीच .४६५, .४७० व .४७५ अशी नवी मापे काढली. हत्ती तोच, वाघ तोच; भय तेवढे राज्यकर्त्यांचे.

प्रत्यक्ष निवडीत जर्मन कायदा विद्यार्थ्याचे निम्मे काम करून ठेवतो. रो हरणासाठी १०० मीटरवर गोळीची ऊर्जा किमान १,००० ज्यूल हवी. तांबडे हरीण, रानडुक्कर इत्यादी मोठ्या खुरी प्राण्यांसाठी किमान २,००० ज्यूल, आणि नळीचे माप किमान ६.५ मिलिमीटर. हे गणित सातवी-आठवीच्या मुलासही येईल : वस्तुमानाची निम्मपट गुणिले वेगाचा वर्ग. ३.२ ग्रॅमची गोळी १०० मीटरवर सेकंदास ८५० मीटर वेगाने गेली, तर १,१५६ ज्यूल होतात. रो हरणास पुरे, डुकरास नाही. १० ग्रॅमची गोळी ७४० मीटर वेगाने गेली, तर २,७३८ होतात, दोन्हींस पुरे. म्हणजे एकच मध्यम नळी, ७×६४, थर्टी-ओ-सिक्स किंवा ८×५७ आय. एस., कायद्याचे सर्व काम भागविते. मग दुसरी नळी कशास? कोल्ह्यासाठी .२२२ सारखी लहान नळी, आल्प्समधील शॅमॉईसाठी दूर सपाट जाणारी लांब नळी, हाकार्‍यात धावत्या डुकरासाठी आखूड नळी, अशी कारणे देतात. ज्यास ही तिन्ही शिकारी खरोखर मिळतात त्यास ती खरी आहेत.

बाकीच्यांनी हिशेब करावा. नळी, तिची दुर्बीण आणि आधार मिळून खर्च बहुधा दुसर्‍या साध्या रायफलीच्या किमतीस भिडतो. काडतुसाचे बूड निराळ्या मापाचे असेल तर बोल्टाचे तोंडही बदलावे लागते. थर्टी-ओ-सिक्स, ७×६४ आणि ८×५७ ह्यांचे बूड एकाच मापाचे,.२२२ चे लहान, मॅग्नमचे मोठे. परत बसविलेली नळी रानात नेण्यापूर्वी निशाणावर एक-दोन बार करून तपासलीच पाहिजे. गोळी चार बोटे बाजूस लागली की हरीण मरत नाही, जखमी होऊन पळते, आणि मग कुत्रा घेऊन अर्धा दिवस रक्ताचा माग काढावा लागतो. त्याहून मोठा धोका काडतुसांच्या अदलाबदलीचा. काडतूस आत बसले म्हणून ते त्या नळीचे असतेच असे नाही; .३०० ब्लॅकआउटचे काडतूस .२२३ च्या नळीत बसते आणि बार होताच रायफल फुटते. दोन नळ्या बाळगणार्‍याने दोन काडतुसे एका खिशात कधीही ठेवू नयेत.

प्रकृतीचा भाग निराळाच. एकच दस्ता, एकच चाप दहा वर्षे हाताखाली असला की नेम आपोआप येतो, हा बदलत्या नळीचा सर्वांत मोठा गुण. जाहिरातीत तो शेवटी छापतात.

आपल्याकडील सभासदांस ही निवड करावयाची नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन एका व्यक्तीने बाळगावयाच्या हत्यारांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, आणि हत्याराचे सुटे भागही ह्या कायद्याच्या कक्षेतच येतात. म्हणून परदेशी गेलेल्या कोणी चिरंजीवांनी ‘नळी सुटीच तर आहे’ म्हणून ती सामानात घालून आणण्याचा विचारसुद्धा करू नये. तेथे राहणार्‍याने मात्र प्रथम एकच मध्यम नळी घ्यावी, दोन हंगाम तिनेच शिकार करावी, आणि ह्या काळात तिच्यामुळे कोणती शिकार सोडावी लागली ते एका वहीत लिहून ठेवावे. दुसर्‍या नळीचे माप त्या वहीतून काढावे.